पाणी येतंय ना, मिस्त्री?

पहाटे ५.००

चहा टाकण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघतो. काल पौर्णिमा झाली, म्हणजे आज उधाण. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरात पूर्ण भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास येते आणि पूर्ण ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहा-सातला असते. इथल्या कोळ्यांना हे कोष्टकाशिवाय ठाऊक असतं. मला त्यातले मीटरही हवे असतात. मोठ्या उधाणाला चढ-उतारातला फरक साडेचार-पाच मीटरवर जातो. एवढं पाणी सहा तासांत बंदरात शिरायचं आणि पुढच्या सहा तासांत बाहेर पडायचं, म्हणजे ते पळणार. पळताना तळाचा गाळ उचलणार, किनाऱ्यावरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या ओढून आणणार. माझं इंजिन थंड राहतं ते याच पाण्यावर.

मी मुंबई बंदरातल्या खासगी शिडाच्या नौकांची, म्हणजे यॉटची इंजिनं सांभाळतो. मालकांचा जीव शिडांवर असतो, आणि तो असावाच. इंजिन मात्र शिडीच्या मागे, लाकडी झाकणाआड कोंडलेलं. त्याला ‘मदतीचं इंजिन’ म्हणतात आणि तसंच वागवतात. पण ही मदत कधी लागते ते बघा. बोट बांधलेला बोया सोडताना, धक्क्याला लागताना, जहाजांच्या वाटेत वारा पडल्यावर, ओहोटी खडकांकडे ओढत असताना लागते. जिथे चुकायला जागा नाही, नेमकं तिथे आपण त्याच्यावर विसंबतो. मोटारीचं इंजिन रोज धावून झिजतं. यॉटचं इंजिन बहुतेकदा झिजून मरत नाही, पडून राहून, गंजून, खाऱ्या पाण्याने मरतं.

६.३०

अपोलो बंदरावर पोचलो तेव्हा पाणी तळाला गेलेलं, पायऱ्यांच्या खालच्या टप्प्यांवर शेवाळ उघडं पडलेलं. डिंगीत चढण्याआधी लाइफ जॅकेट घालतो. बोया हाकेच्या अंतरावर असला तरी घालतो, कारण उधाणाच्या प्रवाहात माणूस पडला तर पोहत डिंगीकडे परत येणं जमत नाही. हत्यारांची पेटी दोरीने बांधलेली असते. पेटी पाण्यात पडली तर दिवस संपला.

आजची नौका ३४ फुटी, फायबरची, तीन सिलिंडरचं, २९ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन असलेली. काका रात्री बोटीवरच झोपतात. ते करंजाचे. उभं आयुष्य मासेमारीच्या होडीवर तांडेल म्हणून गेलं, आता ही यॉट सांभाळतात. त्यांनी माझी दोरी धरली आणि पहिला प्रश्न मालकांबद्दल विचारला, “साहेब किती वाजता येतान?” मी म्हटलं, साडेआठ. “मंग तुला येळ हाय,” म्हणाले आणि स्टोव्ह पेटवायला वळले. मी म्हटलं, काका, थांबा, आधी मला नाक घालू द्या.

७.००

इंजिनाची तपासणी नाकापासून सुरू होते. झाकण उघडायचं, खाली वाकायचं आणि श्वास घ्यायचा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. नळीतून गळला तर खिडकीतून निघून जात नाही, तळाशी, बिल्जमध्ये साचून बसतो. वर उभ्या माणसाला वास येत नाही आणि एक ठिणगी पुरते. म्हणून बोटीवरची पहिली काडी, पहिला स्विच, पहिला स्टार्टर या सगळ्यांच्या आधी हा वास. डिझेलचा वास आला तर कुठेतरी सांधा पाझरतोय, जळक्या रबराचा आला तर पट्टा घसरतोय. आज फक्त जुन्या तेलाचा आणि खाऱ्या पाण्याचा वास होता. काकांचा स्टोव्ह पेटला.

मग ऑइलची पट्टी. बाहेर काढून पुसायची, परत घालून काढायची आणि दोन खुणांच्या मधे तेल आहे का बघायचं. पातळी जितकी महत्त्वाची तितकाच रंग. काळं असेल तर हरकत नाही, डिझेल इंजिनात तेल लवकर काळं होतं. दुधाळ, खरवसासारखं दिसलं तर तेलात पाणी शिरलंय. त्या दिवशी इंजिन सुरू करायचंच नाही, मालक कितीही नाराज होवोत. पातळी आपोआप वाढलेली दिसली तरी खूश व्हायचं नाही. तेलात डिझेल किंवा पाणी उतरल्याशिवाय तेल वाढत नाही.

गोड्या पाण्याच्या टाकीचं झाकण इंजिन गार असतानाच उघडायचं. कुलंट गळ्यापर्यंत होतं. पट्टा अंगठ्याने दाबून बघितला, सेंटीमीटरभर आत जातो, ठीक. त्याच्या खाली काळी भुकटी पडली आहे का ते बोटाने चाचपलं. डिझेलच्या फिल्टरखाली पारदर्शक वाटी असते, तिच्यात तळाशी पाण्याचा थेंब दिसला. खालचा स्क्रू सैल करून तो बाटलीत काढला. हा थेंब येतो कुठून? अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री दमट हवा गार होते आणि आतल्या भिंतींवर दव धरतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जिवाणू वाढतात, त्यांचा काळा चिकट गाळ होतो आणि बोट हलायला लागली की तो उसळून फिल्टर बंद करतो. म्हणजे शांत पाण्यात बोयावर सुरळीत चालणारं इंजिन लाटा लागल्यावर बंद पडतं. उपाय साधा आहे, टाकी भरलेली ठेवायची.

मग गुडघ्यांवर बसून मागे, ग्लॅन्डपर्यंत. पंख्याचा शाफ्ट बोटीच्या बुडातून बाहेर जातो तिथलं हे तोंड. आतल्या पॅकिंगवर समुद्र अडवलेला असतो. बोट चालताना तिथून अधूनमधून थेंब पडायला हवा, त्याने शाफ्ट गार राहतो. बोट उभी असताना तो थांबायला हवा. फार आवळला तर शाफ्ट तापून खाचतो, ढिला राहिला तर पंप रात्रभर चालून बॅटरी संपवतो. आज कोरडा होता.

शेवटी समुद्राचं पाणी आत घेणारा सीकॉक. मूठ नळीच्या रेषेत म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद. मी तो रोज एकदा बंद करून उघडतो. महिनोन्महिने उघडा राहिलेला कॉक नळी फुटली त्या क्षणी फिरत नाही आणि आख्खा समुद्र त्या छिद्रातून आत यायला लागतो. म्हणून प्रत्येक कॉकला त्याच्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधलेली आहे. वेळ आली तर हातोड्याने ठोकायची. गाळणीत चिखल, दोन चिप्सच्या पाकिटांचे तुकडे आणि एक बारकी कोळंबी निघाली. धुऊन परत बसवली. झाकणाच्या रबरी कडीला बोट फिरवून ती खाचेत बसल्याची खात्री केली, नाहीतर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो.

माझं काम एका ओळीत सांगायचं तर समुद्राचं पाणी, गोडं पाणी, तेल आणि डिझेल हे चार पातळ पदार्थ आपापल्या वाटेने जायला हवेत. एक जरी दुसऱ्याच्या घरात शिरला तर खर्च लाखांत जातो.

८.१५

सुरू करायचं. गिअर न्यूट्रलला, पाण्यात एकही दोरी लोंबत नाही ना हे काकांनी फेरी मारून बघितलं. बॅटरीचा मोठा स्विच चालू. हा स्विच इंजिन चालू असताना चुकूनही बंद करायचा नाही, अल्टरनेटरचे डायोड जागच्या जागी जळतात. मी त्याच्यावर लाल पट्टी चिकटवली आहे.

किल्ली फिरवली, दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला इंजिन पेटलं, ऑइलचा दिवा विझला. काका तोवर मागच्या कठड्यावर ओणवे झालेले. मी आतून ओरडायच्या आधीच त्यांनी विचारलं, “पानी येतंय ना, मिस्त्री?” आणि स्वतःच उत्तर दिलं, “येतंय, येतंय.” एक्झॉस्टमधून धुराबरोबर पाण्याच्या गुळण्या बाहेर पडायला हव्यात. पंधरा-वीस सेकंदांत पडल्या नाहीत तर ताबडतोब बंद. बाकी सगळे डायल नंतर.

इंजिन पहिल्या झटक्यात पेटलं नाही तर काय करायचं हे फार कमी जणांना ठाऊक असतं. लोक स्टार्टर दाबून धरतात. आठ-दहा सेकंद, मग थांबायचं, स्टार्टर गार होऊ द्यायचा, एवढं निदान करावं. पण खरा धोका वेगळा आहे. स्टार्टरवर इंजिन फिरतं तेव्हा पाण्याचा पंपही फिरतो आणि एक्झॉस्टच्या डब्यात पाणी भरत जातो. इंजिन पेटलेलं नसल्यामुळे ते पाणी बाहेर ढकलायला धूर नसतो. डबा भरला की पाणी उलटं सिलिंडरमध्ये उतरतं. पिस्टन वर येतो, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून दोन-तीन प्रयत्नांत सुरू झालं नाही तर सीकॉक बंद करायचा, बिघाड शोधायचा आणि पेटताक्षणी कॉक उघडायचा. एरवी काम संपवून कॉक बंद केला की, तो उघडायला विसरू नये म्हणून, किल्ली त्याच्याच मुठीला अडकवायची, हा माझा शिरस्ता.

साहेब आणि त्यांची कॉलेजातली मुलगी आली. तिला सगळं शिकायचंय, त्यामुळे ती माझी आवडती प्रवासी. इंजिन पाच मिनिटं गरम झालं, तेवढं बस. काही मालक आठवड्यातून एकदा येऊन बोयावर दहा मिनिटं इंजिन नुसतं फिरवतात आणि समाधानाने घरी जातात. त्याने भलं होत नाही. इंजिन पुरतं तापत नाही, आत दव धरतं, काजळी साचते. फिरवायचंच असेल तर बोट बोयाला पक्की बांधून गिअरमध्ये, थोड्या भारावर, अर्धा तास फिरवा.

९.००

बोया सोडला. मतलई वारा ईशान्येकडून, सहा-सात नॉट, पाणी आत येतंय. आज मांडव्याला जायचंय. जाताना भरती समोरून आणि येताना ओहोटी समोरून. माझ्या मर्जीने मी ही वेळ निवडली नसती. पण साहेबांना रविवारच मिळतो.

मोठ्या शिडाचं आवरण काढून दोरी लावून ठेवली, पुढचं शीड एका ओढीत उघडेल असं, नांगराची खीळ काढलेली. बंदरात इंजिनावर चालताना शीड आणि नांगर दोन्ही तयार नसतील तर ती बोट सुरक्षित चाललेली नाही, असं मी मानतो. मुलीने विचारलं, “दादा, अभिलाष टॉमींनी तर पृथ्वीप्रदक्षिणा शिडांवरच केली ना?” केली. २०१२-१३ मध्ये इथूनच, गेटवेपासून निघून, कुठेही न थांबता. आणि त्यांच्या आधी २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या त्याच ‘म्हादेई’ नौकेवरून एकट्याने फेरी पूर्ण केली. पण मोकळ्या महासागरात वारा पडला तर वाट बघायला जागा असते. इथे एका बाजूला न्हावा-शेव्याला जाणारी कंटेनर जहाजं, दुसऱ्या बाजूला घारापुरीच्या लाँचा, मधे मांडव्याच्या फेरी बोटी.

आणि नियम. इंजिन गिअरमध्ये असेपर्यंत, वर शीड असो वा नसो, आपण यांत्रिक नौका असतो, शिडाच्या नौकेचा मान सांगायचा नाही. शीड आणि इंजिन दोन्ही चालू असेल तर दिवसा पुढच्या बाजूला टोक खाली केलेला काळा शंकू लावायचा, तो बहुतेक यॉटवर पेटीतच पडलेला असतो. आणि अरुंद खाडीमार्गात, तिथूनच जाऊ शकणाऱ्या जहाजाची वाट वीस मीटरपेक्षा छोट्या नौकेने अडवायची नाही, शिडाच्या नौकेनेही नाही. जहाजाला थांबायला जे अंतर लागतं ते बघितलेला माणूस या नियमाबद्दल वाद घालत नाही.

थ्रॉटल २,४०० फेऱ्यांवर. साहेबांनी थोडं पुढे करायला सांगितलं. मी नको म्हटलं. या लांबीचं बूड सात नॉटच्या आसपास स्वतःच्याच लाटेत अडकतं. त्यापुढे दिलेलं डिझेल लाट मोठी करण्यात आणि काळ्या धुरात जातं. धुराचे रंग मुलीने वहीत उतरवले. काळा म्हणजे भार जास्त किंवा हवा कमी, पंख्यावर शिंपले धरले असतील तरी काळाच. निळा म्हणजे तेल जळतंय. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा वाफ.

१०.३०

जहाजांची वाट ओलांडून झाली होती. काका सुकाणूवर, मी चहाचा कप धरून. काकांनी मान तिरकी केली आणि म्हणाले, “आवाज सुका झाला.”

डायलवर काहीही नव्हतं, अलार्म गप्प. पण एक्झॉस्टची ओली फसफस जाऊन तिथे कोरडी फडफड आली होती. मागे वाकून बघितलं तर पाणी जवळजवळ नाही, वाफ. तापमानाचा अलार्म वाजतो तो इंजिनातलं गोडं पाणी तापल्यावर. समुद्राचं पाणी थांबल्यानंतर त्याला काही मिनिटं लागतात. कान तेवढी मिनिटं आधी सांगतो. म्हणून इंजिन चालू असताना मी बोटीवर गाणी लावू देत नाही.

थ्रॉटल खाली, गिअर न्यूट्रल. काकांनी पुढचं शीड उघडलं, वारा बाजूने होता, बोट सुकाणू ऐकायला लागली. आसपास कुणी नाही बघून इंजिन बंद केलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बोट ताब्यात, मग इंजिन. भरती समोरून असल्याने जमिनीच्या हिशोबाने आम्ही जेमतेम पुढे सरकत होतो, पण भरकटत नव्हतो.

मुलगी उत्साहाने खाली उतरली आणि गोड्या पाण्याच्या झाकणाकडे हात नेला. मी तो धरला. तापलेल्या इंजिनात ते पाणी दाबाखाली असतं, झाकण फिरवलं की उकळता फवारा तोंडावर येतो. तासभर त्याला हात लावायचा नाही.

सीकॉक बंद करून गाळणी उघडली. स्वच्छ. मग अडथळा बाहेर. गाळणी पाण्याच्या पातळीखाली आहे, म्हणून झाकण उघडं ठेवून कॉक हळूच उघडला तर पाणी उसळून वर यायला हवं. आलं, आणि चांगलं जोरात आलं. म्हणजे बुडाच्या छिद्रावर पिशवी चिकटली होती आणि इंजिन बंद होऊन ओढ थांबल्यावर सुटून गेली. या बंदरात हे इतक्या वेळा होतं की लोक इथेच थांबतात. परत किल्ली फिरवतात आणि निघतात. मी निघत नाही. पाण्याविना फिरलेला पंप आतून बघायलाच हवा.

पंपात रबरी इंपेलर असतो, सहा पात्यांचा. पाणीच त्याचं वंगण. कोरडा फिरला तर मिनिटभरातही पाती जळून तुटायला लागतात. खाली कपडा अंथरला, कारण झाकणाचे बारके स्क्रू बिल्जमध्ये पडले तर शोधत बसावं लागतं. झाकण निघालं. एका पात्याच्या मुळाशी चीर, बाकी पाती शाबूत. पातं तुटून गेलं असतं तर काम वाढलं असतं. तुटलेला प्रत्येक तुकडा पुढे, समुद्राचं पाणी जिथे गोडं पाणी गार करतं त्या हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांच्या तोंडाशी जाऊन बसतो. तो शोधून काढल्याशिवाय नवा इंपेलर घालून उपयोग नसतो. पुन्हा तापतं आणि माणूस पंपाला दोष देत राहतो. सगळे तुकडे जुळवून पातं पूर्ण होतंय का बघायचं आणि मगच झाकण लावायचं.

नवा इंपेलर ग्लिसरीन लावून, पाती फिरण्याच्या उलट दिशेला वाकवून आत सरकवला. ग्रीस लावायचं नाही, खनिज तेलाने ते रबर फुगतं. नवा कागदी गॅस्केट, स्क्रू आलटून-पालटून आवळले. कॉक उघडला आणि उघडलाय हे मोठ्याने बोललो. काकांनी मागून ओरडून सांगितलं, “पानी आलं!” मग दहा मिनिटं मी झाकणापाशीच बसून राहिलो, सांध्यातून पाझर नाही हे बोटाने बघत. शर्टाच्या बाह्या वर, गळ्यातला गमछा काढून ठेवलेला. फिरत्या पट्ट्याजवळ सैल कापड किंवा मोकळे केस न्यायचे नाहीत. मुलीला वेणी अंबाडा करून बांधायला लावली.

१२.४५

मांडव्याच्या जेट्टीपासून दूर, फेरींच्या वाटेबाहेर नांगर टाकला. इंजिन लगेच बंद केलं नाही. चार-पाच मिनिटं आयडलवर ठेवलं, आतली उष्णता पसरून उतरू दिली. या इंजिनाला बंद करायची वेगळी मूठ आहे, आधी ती ओढायची, इंजिन थांबलं की मग किल्ली.

जेवणात काकांनी केलेली बांगड्याची कढी. जेवण झाल्यावर मुलीला डिझेलच्या नळीतली हवा काढायला शिकवली. टाकी रिकामी झाली किंवा फिल्टर बदलला की हवा शिरते आणि इंजिन धक्के देऊन बंद पडतं. फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करायचा, हातपंपाची दांडी मारत राहायची. आधी बुडबुडे येतात, मग फेस, मग स्वच्छ डिझेल. तसाच दांडी मारता मारता स्क्रू आवळायचा. तिने दोनदा केलं, अंधार समजून डोळे मिटून तिसऱ्यांदा केलं.

पुढच्या नळ्या मात्र तिला दुरूनच दाखवल्या. पंपापासून इंजेक्टरकडे जाणाऱ्या त्या बारीक पोलादी नळ्यांत दाब प्रचंड असतो. गळतीचा फवारा डोळ्यांना दिसणारही नाही इतका बारीक असतो आणि कातडीतून थेट आत घुसतो. बाहेर सुईएवढी जखम, दुखतही नाही फारसं, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. आत डिझेल मांस मारत जातं, बोट किंवा हात गमवावा लागतो. अशी गळती बोटाने कधीही चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायचं. लागलंच तर त्याच तासात इस्पितळ, आणि डॉक्टरांना दाबाखालचं डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं.

२.३०

वायव्येचा वारा भरला, बारा नॉट. शिडं वर, इंजिन बंद. गिअरची मूठ इंजिनाच्या पुस्तकात सांगितलंय तिथे. बोट चांगली कलली, साहेब खुलले. दोन तास आडवंतिडवं जात ओहोटीशी झुंजलो. यात माझं काही काम नाही, असायलाही नको.

५.००

ओहोटी अजून बाहेर ओढत होती आणि अंधार पडायच्या आत बोया गाठायचा होता. पुढचं शीड गुंडाळलं, मोठं ठेवलं, इंजिन सुरू केलं, काळा शंकू चढवला. आता कल कमी ठेवायचा. इंजिनाच्या पुस्तकात कलण्याची मर्यादा दिलेली असते. तिच्यापुढे गेलं की तेल एका बाजूला जातं, ऑइलचा पंप हवा ओढतो आणि बेअरिंगं कोरडी पडतात.

सकाळी वारा मागच्या बाजूचा होता तेव्हा केबिनचं मागचं दार लावून घेतलं होतं. तशा वाऱ्यात एक्झॉस्ट बोटीतच शिरतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखायला लागलं, झोप आल्यासारखं वाटलं, तर उन्हाचा त्रास समजून आत जाऊन पडायचं नाही. आता वारा समोरून, धूर मागे निघून जात होता. तरी केबिनमधला डिटेक्टर मी दाबून तपासला.

कुलाब्याच्या अलीकडे काकांनी पाण्यावर तरंगणारी हिरवी दोरी दाखवली. लगेच न्यूट्रल, बोट आपल्या वेगाने दोरीवरून सरकू दिली. पंखा फिरत नसेल तर दोरी बहुधा गुंडाळली जात नाही. गुंडाळली गेलीच तर इंजिन बंद करून, किल्ली काढून, ती उतरणाऱ्या माणसाच्या हातात दिल्याशिवाय कुणीही पाण्यात उतरायचं नाही. आणि दुसऱ्या टोकाला जाळं असेल तर सुरी शेवटी. काका म्हणतात, ते जाळं म्हणजे कुणाच्या तरी घरचा महिना असतो. मीही तसंच मानतो.

६.१५

बोयाला बांधलं. मंडळी उतरून गेली. आता इंजिन गरम आहे, तेल पातळ आहे, गाळ तेलातच तरंगतोय, म्हणजे तेल बदलायची हीच वेळ. पट्टीच्या नळीतून हातपंपाने जुनं तेल ओढून डब्यात भरलं, फिल्टरला पिशवी बांधून तो सोडवला. डबा किनाऱ्यावर जातो, जुनं तेल गोळा करणाऱ्याकडे. समुद्रात एक थेंबही नाही. बिल्जमध्ये डिझेल सांडलं तर ते शोषकापडाने टिपायचं. पंप चालवून बाहेर फेकायचं नाही आणि वर साबण ओतून ते लपवायचंही नाही. साबणाने तवंग दिसेनासा होतो, तेल पाण्यातच राहतं.

डिझेलचे कॅन जाळीच्या फनेलमधून ओतले, तोंडाभोवती फडकं धरून, स्टोव्ह बंद ठेवून. टाकी भरली. सीकॉक बंद केला, किल्ली त्याच्या मुठीला.

अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे हे जाता जाता बघितलं. इंजिनाच्या झाकणाला एक गोल भोक पाडून त्यावर फळी लावली आहे. आत आग लागली तर झाकण उघडायचं नसतं, उघडलं की आगीला हवा मिळते. फळी सरकवून नळी आत घालायची आणि अख्खं सिलिंडर रिकामं करायचं. हे भोक नसलेल्या यॉट मी बघतो तेव्हा अस्वस्थ होतो. तासाभराचं काम आहे ते.

७.३०

वही. तारीख, इंजिनाचे तास, तेल बदललं, इंपेलर बदलला आणि का बदलला, फिल्टरमधून निघालेलं पाणी, भरलेलं डिझेल. सुटे भाग मागवायचे: दोन इंपेलर, एक पट्टा, डिझेलचे फिल्टर, हीट एक्स्चेंजरमधला जस्ताचा तुकडा. हा तुकडा इंजिनाच्या वाट्याचं गंजणं स्वतःवर घेतो आणि अर्धा खाल्ला गेला की बदलायचा असतो. मेच्या अखेरीस बोटी पावसाळ्यासाठी बाहेर निघतील, तेव्हा करायची कामंही आत्ताच लिहून ठेवतो. सायफन तोडणारी उंचावरची झडप धुणे, तिच्यात मीठ धरतं आणि मग समुद्र बंद इंजिनात चोरपावलांनी उतरतो. गोड्या पाण्याने आतून धुणे. टाकी गळ्यापर्यंत भरणे.

तुम्ही जुनी यॉट विकत घ्यायला जाल तेव्हा मालक तुम्हाला शिडं उघडून दाखवेल, केबिनमधलं लाकूड दाखवेल. आधी इंजिनाचं झाकण उघडून खाली बसा, नाक घाला, सीकॉक स्वतःच्या हाताने फिरवून बघा, आणि वही मागा. वही नसेल तर नव्या इंजिनाची किंमत वजा करूनच भाव बोला.